ताणाविना टाका

पोटातील आतडी, चरबीचा पदर आणि इतर अवयव जागच्या जागी धरून ठेवणारी समोरची भिंत हाडांची नसते. स्नायू, त्यांचे पांढरे चिवट कंडरापट्ट आणि पातळ पडदे यांच्या एकावर एक बसलेल्या थरांतून ती तयार होते, आणि या थरांत जन्मतः राहिलेल्या किंवा पुढे निर्माण झालेल्या कमजोर जागेतून आतील भाग बाहेर येऊ लागला की त्यास हर्निया अथवा अंतर्गळ म्हणतात. जांघेत, बेंबीत, बेंबीच्या वर मध्यरेषेवर किंवा जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणाखाली दिसणारा हा फुगवटा उभे राहिल्यावर, खोकल्यावर किंवा जोर केल्यावर वाढतो आणि आडवे झाल्यावर बहुधा आत जातो. मोठ्या माणसाच्या पोटातील हे छिद्र औषधाने, मालिशीने, आसनांनी किंवा कमरेला बांधायच्या पट्ट्याने बुजत नाही. त्याला शस्त्रक्रियाच करावी लागते. ती कशी करावी, या प्रश्नाला गेल्या सुमारे एकशेचाळीस वर्षांत अनेक उत्तरे मिळाली असून त्यांपैकी दोन लक्षणीय उत्तरे महाराष्ट्रातील शल्यविशारदांनी दिली आहेत. दोन्ही उत्तरे कमी खर्चाची आहेत आणि छत्तीसगडमधील दुर्गसारख्या कष्टकऱ्यांच्या जिल्ह्याने त्यांची दखल घ्यावी अशी आहेत.

दुर्ग आणि भिलाई ही जुळी शहरे अंगमेहनतीवर उभी राहिली. भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले; दल्ली-राजहराच्या खाणींतून लोहखनिज, जामुलला सिमेंट, आसपासच्या गावांत धानाची शेती आणि धान गिरण्यांत पोती वाहणारे हमाल, असा हा सारा परिसर आहे. कारखान्यातील कायम कामगाराला भिलाईच्या सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय हक्काचे असते, पण गिरणीतील हमालाला आणि शेतमजुराला असे हक्काचे ठिकाण नसते. नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून या मुलखाशी नाते असलेली आणि पुढे रेल्वे, शाळा, कारखाना यांच्या निमित्ताने येथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे शस्त्रक्रियेचा प्रसंग आला की रायपूरला जावे की नागपूरला, असा विचार करतात. कोणत्या पद्धतीने शस्त्रक्रिया व्हावी आणि का, याचा विचार मात्र क्वचितच होतो. जड ओझे उचलल्याने हर्निया होतो ही समजूत येथे सार्वत्रिक आहे आणि ती अर्धीच खरी आहे. ओझ्यामुळे पोटातील दाब वाढतो हे खरे. परंतु ऊतींना बळकटी देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाची उपजत कमतरता, घराण्यातील प्रवृत्ती, विडी-सिगारेट आणि त्यामुळे येणारा जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, उतारवयात प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने लघवीसाठी करावा लागणारा जोर, स्त्रियांमध्ये वारंवारची गर्भधारणा आणि स्थूलपणा यांचा वाटा त्याहून कमी नाही. म्हणूनच एकाच गिरणीत तीच पोती वाहणाऱ्या दोन हमालांपैकी एकाला हर्निया होतो आणि दुसऱ्याला जन्मभर होत नाही.

हर्नियांच्या सर्व प्रकारांत जांघेतील हर्निया सर्वाधिक आढळतो. पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार त्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागण्याची आयुष्यभरातील शक्यता पुरुषांत सुमारे २७ टक्के आणि स्त्रियांत सुमारे ३ टक्के असते. हा फरक शरीररचनेतून येतो. गर्भावस्थेत वृषण पोटात तयार होते आणि जन्माच्या सुमारास जांघेतून खाली अंडकोशात उतरते. त्याच्या मागोमाग रक्तवाहिन्या आणि वीर्यवाहिनी यांची जुडी, म्हणजे वृषणरज्जू, पोटाच्या भिंतीतून तिरप्या जाणाऱ्या सुमारे चार सेंटिमीटर लांबीच्या बोगद्यातून बाहेर येते. या बोगद्याला जांघनाल म्हणतात. त्याच्या आतल्या तोंडातून, रज्जूच्या सोबतीने, पोटाच्या अस्तराची पिशवी बाहेर उतरली तर तो अप्रत्यक्ष हर्निया होय. तोच मार्ग जन्मतः न बुजता राहिला तर लहान मुलांत हर्निया दिसतो. बोगद्याची मागची भिंत म्हणजे एक पातळ पडदा असतो. वय आणि दाब यांमुळे तो झिजून समोर फुगला तर तो प्रत्यक्ष हर्निया ठरतो. याच्या थोडे खाली, मांडीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या शेजारच्या अरुंद फटीतून होणारा ऊरुहर्निया स्त्रियांत तुलनेने अधिक आढळतो. ती फट घट्ट कडांची असल्याने तेथे आतडे अडकून पीळ पडण्याचा धोका मोठा असतो आणि म्हणून तो दिसताच शस्त्रक्रिया करणे योग्य मानले जाते.

अंडकोशाची प्रत्येक सूज हर्निया नसते, हे या प्रदेशात विशेष लक्षात घ्यावे लागते. छत्तीसगड आणि पूर्व विदर्भाच्या काही भागांत हत्तीरोगाचा प्रादुर्भाव राहिला असल्याने अंडकोशात पाणी साचण्याचे, म्हणजे हायड्रोसीलचे, रुग्णही येथे पुष्कळ असतात. अनुभवी डॉक्टर अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत सुजेच्या वरची जागा पकडून पाहतात. चिमटीत केवळ रज्जू लागला तर सूज खालचीच आहे. सुजेची वरची कड हातीच लागत नसेल, ती जांघेत शिरलेली असेल, तर आतडे उतरले असण्याची शक्यता अधिक. अंधाऱ्या खोलीत सुजेमागे बॅटरी धरली असता ती लालसर उजळली तर आत पाणी आहे. खोकायला सांगून बोटांना बसणारा धक्का तपासला जातो. एवढ्या साध्या तपासणीतून बहुतेक रुग्णांचे निदान होते आणि सोनोग्राफीची गरज शंका असेल तेव्हाच पडते.

एकोणिसाव्या शतकापर्यंत या शस्त्रक्रियेचा इतिहास निराशेचा होता. सुश्रुतसंहितेत अंत्रवृद्धी या नावाने या विकाराचा विचार आढळतो आणि युरोपातही तो शतकानुशतके हाताळला गेला, परंतु पिशवी बांधून टाकून जखम भरू दिली तरी हर्निया पुन्हा उतरत असे. इटलीतील पादुआ येथील एदोआर्दो बासीनी यांनी १८८४ मध्ये नव्या पद्धतीची पहिली शस्त्रक्रिया केली आणि १८८७ पासून आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जांघनालाची मागची भिंतच कमजोर आहे, तेव्हा तीच नव्याने बांधली पाहिजे, हा त्यांचा मूलभूत विचार होता. पोटाच्या आतील स्नायूंचे थर खाली ओढून जांघेतील कडक बंधाला ते टाक्यांनी जोडत. हर्नियाची आधुनिक शस्त्रक्रिया येथून सुरू झाली आणि पुढील जवळजवळ शंभर वर्षे जगभरातील शल्यविशारद बासीनी यांच्या पद्धतीचे निरनिराळे अवतार करत राहिले. कॅनडातील एडवर्ड अर्ल शोल्डाइस यांनी १९४५ मध्ये टोरोंटोत केवळ हर्नियासाठी रुग्णालय काढले. मागचा पडदा उघडून त्याचे पदर एकमेकांवर चढवून बारीक पोलादी तारेच्या सलग टाक्यांनी चार ओळींत शिवण्याची त्यांची पद्धत आजही जाळी न वापरता केल्या जाणाऱ्या पद्धतींत सर्वांत भरवशाची मानली जाते. मात्र ती शिकायला कठीण आहे. एकाच कामात मुरलेल्या हातांनी मिळवलेला निकाल दिवसाकाठी दहा निरनिराळी कामे करणाऱ्या जिल्हा रुग्णालयातील शल्यविशारदाला सहजी मिळत नाही, आणि साध्या शिवणीनंतर अशा ठिकाणी दहा टक्के वा त्याहून अधिक रुग्णांत हर्निया परत उद्भवत असल्याच्या नोंदी आहेत.

अपयशाचे कारण हळूहळू स्पष्ट झाले, आणि ते होते ताण. एकमेकांपासून दूर असलेले दोन थर ओढून जवळ आणले की टाक्यांवर सतत खेच राहते, रुग्ण खोकला की ती वाढते, ऊतींचा रक्तपुरवठा कमी होतो आणि टाका मांस कापत बाहेर येतो. विरलेल्या कापडाच्या कडा ओढून शिवल्या तर शिवणीशेजारीच कापड पुन्हा फाटते, म्हणून जाणता शिंपी तेथे ठिगळ लावतो. शल्यविशारदांनीही अखेर तेच केले. अमेरिकेतील फ्रान्सिस अशर यांनी १९५८ मध्ये प्लास्टिकच्या धाग्यांनी विणलेली जाळी हर्नियासाठी वापरल्याचे प्रसिद्ध केले आणि पुढे पॉलिप्रॉपिलीन या पदार्थाच्या जाळ्या रूढ झाल्या. लॉस एंजेलिसमधील आयर्विंग लिख्टेनश्टाइन यांनी १९८४ पासून जाळी हा नेहमीचा उपाय केला आणि १९८९ मध्ये आपली ताणरहित पद्धत मांडली. तिच्यात कोणताही स्नायू ओढला जात नाही. साधारण सात सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर लांब जाळी वृषणरज्जूच्या मागे सैलसर अंथरली जाते, खालच्या बाजूने ती जांघेच्या बंधाला शिवली जाते, वर तिला दोन-चार टाके घातले जातात आणि रज्जूला वाट देण्यासाठी तिला कापलेली फट रज्जूभोवती गुंडाळून बंद केली जाते. पुढील काही आठवड्यांत जाळीच्या छिद्रांतून शरीराचीच नवी ऊती वाढते आणि जाळी व ऊती मिळून एकच घट्ट पदर तयार होतो; तेव्हा भिंतीला बळ येते ते मुख्यतः जाळीच्या आधाराने शरीराने विणलेल्या या पदरातून. ही पद्धत शिकायला सोपी, जागेवर भूल देऊनही करता येण्याजोगी आणि सामान्य शल्यविशारदाच्या हातूनही चांगले निकाल देणारी असल्याने ती जगभर पसरली.

अडचण राहिली ती किमतीची. गेल्या शतकाच्या अखेरीस परदेशी बनावटीच्या एका जाळीची किंमत खेड्यातील मजुराच्या काही आठवड्यांच्या मजुरीइतकी असे, आणि म्हणून ग्रामीण शल्यविशारदांपुढे दोनच मार्ग उरत : जुनी ताणाची शिवण घालणे किंवा रुग्णाला कर्जात लोटणे. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हा पेच मानण्यास नकार दिला. भारतीय ग्रामीण शल्यविशारद संघटनेच्या उभारणीतील हे एक प्रमुख नाव. छोट्या गावात, तुटपुंज्या साधनांत सुरक्षित शस्त्रक्रिया कशी करता येईल, हाच त्यांच्या कामाचा विषय राहिला आहे. शस्त्रक्रियेची जाळी ज्या कुळातील प्लास्टिकची असते, त्याच पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्यांनी विणलेले मच्छरदाणीचे कापड बाजारात मीटरवर मिळते, हे हेरून त्यांनी १९९० च्या दशकात त्या कापडाचा वापर सुरू केला. कापड धुऊन, आकारानुसार तुकडे कापून, पाकिटात बंद करून, ऑटोक्लेव्ह या दाबाच्या वाफेच्या यंत्रात निर्जंतुक केले की एका रुग्णापुरता तुकडा काही रुपयांत तयार होई. टोणगावकर आणि देशातील इतर ठिकाणच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा साडेतीनशेहून अधिक हर्नियांचा अनुभव २००३ मध्ये इंडियन जर्नल ऑफ सर्जरी या नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि महागड्या जाळीपेक्षा हे निकाल उणे नसल्याचे दाखवले.

या कामाची खरी कसोटी पुढे आफ्रिकेत लागली. परदेशातील शल्यविशारदांनी भारतीय बनावटीच्या या कापडाची प्रयोगशाळेत तपासणी केली, तेव्हा त्याचे वजन, छिद्रांचा आकार आणि ताकद ही नामांकित हलक्या जाळ्यांच्या जवळपास जाणारी आढळली. त्यानंतर स्वीडन आणि युगांडा येथील संशोधकांनी पूर्व युगांडात ३०२ पुरुषांवर चाचणी केली. कोणत्या रुग्णाला स्वस्त जाळी आणि कोणाला कंपनीची जाळी मिळावी हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवले गेले. या प्रकारची चाचणी वैद्यकात सर्वाधिक विश्वासार्ह समजली जाते. वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाच रुग्णाचा हर्निया परत आला, म्हणजे ०.७ टक्के, आणि महाग जाळीच्या गटात एकाचाही नाही. गुंतागुंतीचे प्रमाण दोन्हींत जवळपास सारखे होते. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या जगातील आघाडीच्या वैद्यकीय नियतकालिकात जानेवारी २०१६ मध्ये हे निष्कर्ष छापले गेले. एका जाळीची किंमत शंभर डॉलरच्या वर, तर दुसरीची एका डॉलरहून कमी. दोंडाईच्यासारख्या छोट्या गावातील कल्पनेला याहून मोठी पावती मिळणे कठीण आहे, आणि तिची महाराष्ट्रातच पुरेशी माहिती नसावी ही खेदाची गोष्ट आहे.

अर्थात घरातली कोणतीही मच्छरदाणी या कामी चालत नाही. सुती, पॉलिस्टरचे किंवा कीटकनाशक लावलेले कापड सर्वस्वी वर्ज्य आहे. योग्य पदार्थाचे कापडही १२१ अंश सेल्सिअसला निर्जंतुक करावे लागते, कारण त्याहून बऱ्याच अधिक तापमानाला पॉलिएथिलीनचा धागा आकसतो व विरूप होतो. हे काम पदार्थाची खात्री, निर्जंतुकीकरणाची शिस्त आणि रुग्णाची माहितीपूर्ण संमती या तिन्ही गोष्टी पाळणाऱ्या रुग्णालयाचेच आहे. देशी कंपन्यांच्या साध्या पॉलिप्रॉपिलीन जाळ्या आता सर्वत्र मिळू लागल्याने मच्छरदाणीची गरज काही प्रमाणात कमी झाली असली, तरी नेहमीच्या जांघेतील हर्नियासाठी किमतीने दसपट असलेली जाळी रुग्णाला दसपट लाभ देत नाही, हा मच्छरदाणीच्या वापरामागचा सिद्धान्त आजही तितकाच खरा आहे.

दुसरे उत्तर पुण्यातून आले. डॉ. मोहन देसरडा यांनी जाळीच नको, अशी भूमिका घेतली आणि २००१ मध्ये युरोपातील शल्यशास्त्राच्या नियतकालिकात चारशे रुग्णांचा अनुभव मांडला. त्यांच्या पद्धतीत पोटाच्या सर्वांत बाहेरच्या स्नायूच्या पांढऱ्या, चकचकीत कंडरापट्टातून साधारण दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी सोडवली जाते, मात्र तिची दोन्ही टोके मूळ स्नायूला जोडलेलीच ठेवली जातात. ही पट्टी रज्जूच्या मागे खाली जांघेच्या बंधाला आणि वर आतल्या स्नायूच्या कडेला शिवली की मागच्या भिंतीची जागा ती घेते. पट्टी जिवंत असते, तिचा रक्तपुरवठा शाबूत असतो आणि रुग्ण जोर करतो तेव्हा मूळ स्नायू आकुंचन पावून तिला आणखी घट्ट करतो. पोलंडमध्ये २०८ रुग्णांवर लिख्टेनश्टाइन पद्धतीशी तिची तुलना करणारी चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात तीन वर्षांनंतर दोन्ही गटांत प्रत्येकी दोनच रुग्णांत हर्निया परत आलेला आढळला. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना जाळीविरहित पद्धतींत अजूनही शोल्डाइस पद्धतीलाच प्रथम पसंती देतात आणि देसरडा पद्धतीसाठी अधिक दीर्घकालीन पुराव्याची अपेक्षा ठेवतात. ही अपेक्षा रास्त आहे. तरीही ज्या तरुणाच्या ऊती निरोगी आहेत, ज्याला शरीरात परका पदार्थ नको आहे किंवा ज्याच्या जखमेत जंतुसंसर्गाचा धोका असल्याने जाळी घालणे अवघड आहे, त्याच्यासाठी ही पद्धत विचारात घेण्याजोगी आहे.

जाळीबद्दल ऐकू येणारी वेदनेची तक्रार सर्वस्वी निराधार नाही. जांघेतील शस्त्रक्रियेनंतर सुमारे दहा ते बारा टक्के रुग्णांना तीन महिन्यांनंतरही त्रासदायक वेदना राहतात, असे जागतिक नोंदी सांगतात. बहुतेकांत त्या काळानुसार ओसरतात, थोड्यांत त्या चिवट ठरतात. याचे कारण पुष्कळदा जाळीपेक्षा त्या भागातून जाणाऱ्या तीन बारीक मज्जातंतूंना झालेली इजा असते, आणि म्हणून ते तंतू शोधून, ओळखून जपणे हे कुशल शल्यविशारदाचे लक्षण मानले जाते.

दुर्बिणीतून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेने कमजोर भिंत बळकट करण्याचा प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला. भारतात दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये केली आणि पाठोपाठ हर्नियासाठीही दुर्बीण वापरली जाऊ लागली. तिच्या दोन पद्धती आहेत. एकीत पोटाच्या पोकळीत शिरून आतले अस्तर उघडले जाते, त्यामागे जाळी पसरली जाते आणि अस्तर पुन्हा शिवले जाते; दुसरीत पोकळीत न शिरता अस्तर आणि स्नायू यांमधल्या पदरातच वायू भरून जागा केली जाते. दोहोंत जाळी भिंतीच्या आतल्या बाजूने बसते, त्यामुळे पोटाचा दाबच तिला भिंतीवर दाबून धरतो आणि जांघेतील तिन्ही संभाव्य छिद्रे एकाच जाळीने झाकली जातात. दोन्ही बाजूंना हर्निया असेल, बाहेरून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर तो परत आला असेल किंवा रुग्ण स्त्री असेल तर दुर्बिणीचा लाभ स्पष्ट आहे. वेदना कमी होतात आणि कामावर लवकर परतता येते. मात्र पूर्ण भूल लागते, साधने महाग असतात आणि हात बसायला बराच काळ लागतो. एका बाजूच्या पहिल्याच साध्या हर्नियासाठी दुर्बीण न मिळाल्यास रुग्णाचे काही मोठे नुकसान झाले असे समजण्याचे कारण नाही.

जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणातून होणारा हर्निया हा याहून कठीण प्रकार होय. आतड्याच्या, गर्भाशयाच्या किंवा प्रसूतीच्या शस्त्रक्रियेनंतर पोटाची मध्यरेषा नीट न जुळल्यास किंवा जखमेत पू झाल्यास काही महिन्यांनी तेथे फुगवटा दिसतो. त्याचा पहिला प्रतिबंध पोट शिवतानाच करता येतो. नेदरलँड्समधील ५६० रुग्णांच्या चाचणीत, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एकेक सेंटिमीटरवर मोठे टाके घातलेल्यांपैकी २१ टक्क्यांना वर्षभरात हर्निया झाला, तर अर्ध्या सेंटिमीटरवर लहान टाके घातलेल्यांपैकी १३ टक्क्यांना. काही मिनिटांचा अधिक वेळ आणि थोडा अधिक दोरा यांच्या बदल्यात मिळालेला हा लाभ आहे. एकदा हर्निया झाला की नुसत्या टाक्यांवर विसंबणे बहुधा व्यर्थ ठरते. डच शल्यविशारदांच्याच आणखी एका अभ्यासात दहा वर्षांनंतर टाक्यांच्या गटात ६३ टक्के आणि जाळीच्या गटात ३२ टक्के रुग्णांत हर्निया परत आला होता. एक ते चार सेंटिमीटरच्या बेंबीच्या हर्नियातही हाच कल दिसतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीनशे रुग्णांच्या चाचणीत पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण टाक्यांनंतर १२ टक्के, तर जाळीनंतर ४ टक्के होते.

व्रणाच्या हर्नियात जाळी कोणत्या थरात ठेवावी, यावर बरेच अवलंबून असते. त्वचेखालच्या चरबीच्या थरात ठेवली तर काम सोपे होते पण पाणी आणि पू साचण्याचा धोका वाढतो. पोटाच्या पोकळीत आतड्यांसमोर ठेवायची तर आतडी चिकटू नयेत म्हणून विशेष लेप दिलेली महाग जाळी लागते. फ्रान्समधील रीव्ह आणि स्टोपा यांनी रूढ केलेली जागा या दोहोंमधली, म्हणजे पोटाच्या उभ्या स्नायूंच्या मागची. तेथे रक्तपुरवठा चांगला असतो, साधी जाळी चालते आणि आतड्यांशी तिचा संबंध येत नाही. भगदाड फार रुंद असेल तर भिंतीचे थर एकमेकांपासून सोडवून त्यांना मध्यरेषेकडे सरकवावे लागते. या पद्धतीचे आधुनिक रूप १९९० मध्ये रामिरेझ यांनी मांडले आणि २०१२ मध्ये नोव्हित्स्की यांनी सर्वांत आतला आडवा स्नायू सोडवण्याची सुधारणा केली. वर्षानुवर्षे आतडी बाहेरच राहिल्याने पोटात त्यांना जागाच उरलेली नसेल, तर शस्त्रक्रियेआधी काही आठवडे बोट्युलिनम हे औषध स्नायूंत टोचून ते शिथिल केले जातात. अशा शस्त्रक्रिया मोठ्या केंद्रांतच व्हाव्यात. त्यांच्याआधी विडी-तंबाखू किमान चार आठवडे बंद असावी, मधुमेह आटोक्यात आणि वजन शक्य तितके कमी असावे, हा आग्रह धरणारा शल्यविशारद रुग्णाच्या हिताचेच बोलत असतो.

छत्तीसगड आणि विदर्भ या पट्ट्यात भुलेचाही स्वतंत्र विचार करावा लागतो. येथील आदिवासी आणि अनेक शेतकरी समाजांत सिकलसेल हा रक्तातील तांबड्या पेशींचा आनुवंशिक दोष आढळतो. अंगातील पाणी कमी होणे, थंडी वाजणे किंवा प्राणवायू अपुरा पडणे यांमुळे अशा रुग्णाच्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्यांत अडकतात आणि शस्त्रक्रियेच्या वेळी हे तिन्ही प्रसंग ओढवू शकतात. म्हणून ठरवून केल्या जाणाऱ्या प्रत्येक हर्निया-शस्त्रक्रियेपूर्वी ही साधी रक्ततपासणी व्हायला हवी. जांघेतील हर्नियासाठी लिग्नोकेन आणि ब्युपिव्हाकेन यांसारखी औषधे त्या जागेवरच टोचून दिलेली भूल पुरेशी होते. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा विकार असलेल्या वृद्धांसाठी ती विशेष सोयीची असून रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जाऊ शकतो.

लहान मुलांत जाळीचा प्रश्नच उद्भवत नाही. पिशवी सोडवून तिच्या मुळाशी बांधली की काम होते, आणि तान्ह्या बाळात ते लांबणीवर टाकू नये, कारण त्यांच्यात आतडे अडकण्याचा धोका मोठा असतो. उलट, ज्या प्रौढ पुरुषाला जांघेतील हर्नियाचा फारसा त्रास नाही त्याने घाई करण्याचे कारण नाही. अमेरिकेतील ७२० पुरुषांच्या अभ्यासात, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, केवळ लक्ष ठेवलेल्या गटात आतडे अडकण्याचा प्रसंग वर्षाला हजारांत दोघांनाही आला नाही. तथापि त्यांच्यातील बहुसंख्यांनी दुखणे वाढल्यामुळे पुढील दहा वर्षांत शस्त्रक्रिया करून घेतलीच. अंगमेहनत करणाऱ्याने ती सवडीने, पण ठरवून करून घ्यावी, हाच त्यातला व्यवहारी अर्थ आहे.

मजुराच्या दृष्टीने शस्त्रक्रियेच्या खर्चात बुडणारी मजुरीही येते. सहा महिने काही उचलू नका, हा अनेकदा दिला जाणारा सल्ला जांघेतील जाळीच्या शस्त्रक्रियेला लागू नाही. नेहमीची कामे आठवडाभरात आणि जड कामे दोन-तीन आठवड्यांनंतर, दुखत नसल्यास, हळूहळू सुरू करता येतात. व्रणातील मोठ्या हर्नियानंतर मात्र अधिक काळ जपावे लागते. परवडणाऱ्या उपचाराचे जवळचे उदाहरण दल्ली-राजहऱ्याचे आहे; ते १९८३ मध्ये दुर्ग जिल्ह्यातच होते. तेथील खाणकामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून उभारलेले शहीद रुग्णालय ३ जून १९८३ रोजी सुरू झाले ते कष्टकऱ्याला परवडेल असा उपचार त्याच्या गावातच मिळावा या निर्धारातून, आणि हर्नियासारखी नेहमीची शस्त्रक्रिया या निर्धाराच्या कक्षेत सर्वांत आधी यायला हवी. आयुष्मान भारत योजनेखाली पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि छत्तीसगडात राज्य सरकारची योजनाही आहे. दाखल होण्यापूर्वी रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातील योजनेच्या खिडकीवर चौकशी करावी, आणि कोणती पद्धत, कोणती जाळी, कोणती भूल हे तीन प्रश्न शल्यविशारदांना निःसंकोच विचारावेत.

फुगवटा अचानक कठीण झाला, आडवे होऊनही आत जाईनासा झाला, त्यावरची त्वचा लाल झाली, पोट फुगून उलट्या सुरू झाल्या आणि शौच व वायू सरणे बंद झाले, तर आतडे अडकले आहे असे समजावे. आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्यापासून काही तासांतच ते सडू लागते. अशा वेळी फुगवटा दाबून आत ढकलण्याचा खटाटोप करू नये, शेक देऊ नये, रुग्णाला खाऊपिऊ घालू नये, आणि सकाळची वाट न पाहता त्याच रात्री शस्त्रक्रियेची सोय असलेले जवळचे रुग्णालय गाठावे.